फणसोंबा, रबर आणि आमच्या ब्लॉकखालचं झाड

आमच्या क्वीन्सटाउनच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकमधून बाहेर पडलं की उजव्या हाताला एक भलंमोठं रेन ट्री होतं. आपल्याकडे याला पर्जन्यवृक्ष किंवा विलायती शिरीष म्हणतात. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेणारं. मलय लोक त्याला 'पुकुल लिमा', म्हणजे पाच वाजताचं झाड, असंही म्हणतात. मी २००३ साली सिंगापूरला आलो, तेव्हापासून रोज सकाळी एमआरटीकडे जाताना त्याच्या सावलीतून जायचो. पण तेरा वर्षांत त्याच्याकडे नीट वर मान करून पाहिलं असेल तर शपथ!

ते पाहिलं आमच्या आईनं. २०१६ च्या डिसेंबरात ती पहिल्यांदाच इथे आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला फिरायला नेलं, तर ती त्या झाडाच्या बुंध्यापाशीच थांबली. जमिनीपासून हातभर उंचीवर, खोडातून बाहेर आलेली, अर्ध्या ताटलीएवढी, वरून तपकिरी आणि खालून पांढरट अशी एक फळी होती. आईनं वाकून बोटानं टिचकी मारली. टक्क असा लाकडासारखा आवाज आला.

"अरे, हा तर फणसोंबा!" आई म्हणाली. "पण फणसाशिवाय कसा आला हा?"

माझ्या मुलानं विचारलं, "आजी, फणसोंबा म्हणजे काय?" मराठी शाळेत शिकलेल्या शब्दांत हा नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यातून तो तीस-चाळीस वर्षांपूर्वीच निघून गेला होता.

तर मंडळी, या दिवाळी अंकासाठी काय लिहू, असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, फणसोंब्यावर लिहितो. ते हसले. पण या फळीचा पाठलाग करता करता मी लांज्याहून निघून क्वीन्सटाउनमार्गे बोटॅनिक गार्डन्सच्या इतिहासात जाऊन पोचलो आणि परत लांज्याला आलो. तो प्रवास सांगतो.

आधी आमच्या घरातली गोष्ट. कोकणात अळंबी सगळ्यांना माहीत. श्रावणात वारुळाजवळ उगवणारी, ज्यांच्या वाटणीवरून भावाभावांत भांडणं होतात ती. फणसोंबा मात्र खायचा नाही. जुन्या फणसाच्या खोडावर खुरासारखा वाढणारा, लाकडाइतका टणक असा हा प्रकार. लहान मुलाचं तोंड आलं, लाळ फार गळायला लागली की आजी सहाण घ्यायची, चार थेंब पाणी टाकायची, फणसोंब्याचा तुकडा उगाळायची आणि ते तपकिरी गंध बोटानं आमच्या हिरड्यांना लावायची. चव तुरट. तोंड वाकडं केलं की पाठीत धपाटा मिळायचा.

ही काही आमच्याच घरची रीत नव्हती. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या औषधींची नोंद करणाऱ्या इंग्रजी ग्रंथांत 'फणस-अळंबे' आलेलं आहे. हिरड्यांना लावायचं, लाळ थांबवायला आणि जुलाबावर द्यायचं, अशी त्याची माहिती दिलेली असते. गंमत म्हणजे शास्त्रीय नाव देताना मात्र त्याची गाठ एका मऊ, खाण्याच्या अळंबीशी घालून दिली गेली. पुढे पुण्याच्या संशोधकांनी हा घोळ निस्तरायला घेतला. जे. जी. वैद्य आणि ए. एस. रब्बा यांनी १९९३ साली 'मायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात लोकवैद्यकातल्या बुरशींवर लेख लिहिला. फणसोंबा हा मुख्यतः 'फेलिनस' या काष्ठमय बुरशीच्या कुळातला आहे, हे अशा अभ्यासांतून पुढे आलं. (घरी प्रयोग करू नका बरं! एकसारख्या दिसणाऱ्या दहा जाती असतात. शिवाय इथे बागेतलं काहीही तोडून नेणं कायद्यानं चालत नाही, हे आईला समजावताना माझी पुरेवाट झाली.)

आता या फळीचं शास्त्र थोडक्यात. आपल्याला बाहेर दिसते ती बुरशीची फक्त फळी, म्हणजे तिचं 'फळ'. आंब्याच्या झाडाला आंबा असावा तसं. खरी बुरशी खोडाच्या आत असते. केसाहून बारीक धागे लाकडातून पसरत जातात, वर्षानुवर्षं लाकूड पचवतात आणि पुरेसा साठा झाला की बाहेर फळी काढतात. फळीच्या खालच्या अंगाला असंख्य बारीक भोकं असतात. त्यातून रोज कोट्यवधी बीजाणू वाऱ्यावर सोडले जातात. म्हणजे फळी दिसली याचा अर्थ रोग आज सुरू झाला असा नव्हे. तो कधीचाच आत मुरलेला आहे.

मग झाड मरणारच का? तसंही नाही. काही बुरशा खोडाचा फक्त मधला मृत गाभा खातात. बाहेरचं जिवंत लाकूड शाबूत असेल तर पोकळ झाडसुद्धा पन्नास वर्षं आनंदानं जगतं. त्या पोकळीत घुबडं राहतात, पोपट राहतात, धनेश अंडी घालतात. सिंगापूरमधून धनेश जवळजवळ नाहीसा झाला होता. १९९० च्या दशकात तो पुलाउ उबिनला परत दिसू लागला, तेव्हा त्याला घर करायला पुरेशी जुनी पोकळ झाडंच नव्हती. माणसांना लाकडी पेट्या टांगाव्या लागल्या. काही बुरशा मात्र मुळं खातात. त्या घातक. झाड वरून हिरवंगार असतं आणि खाली धरून ठेवायला काही उरलेलं नसतं.

या मुळं खाणाऱ्या बुरशीचा इतिहास आपल्या सिंगापूरशी चांगलाच जोडलेला आहे, हे मला माहीत नव्हतं.

१८७६ साली ब्राझीलमधून रबराच्या बिया लंडनच्या क्यू गार्डनमध्ये नेल्या गेल्या. १८७७ साली त्यातली २२ रोपं सिंगापूरला पोचली. (आपलं रेन ट्रीसुद्धा अमेरिका खंडातूनच, १८७६ च्या सुमारास इथे आलं. म्हणजे हे दोघे जवळजवळ एकाच बोटीचे पाहुणे म्हणायला हरकत नाही.) १८८८ साली हेन्री रिडली नावाचा गृहस्थ बोटॅनिक गार्डन्सचा प्रमुख होऊन आला. मळेवाल्यांनी रबर लावावं म्हणून तो इतका मागे लागायचा की लोक त्याला 'मॅड रिडली' म्हणायचे. झाडाला न मारता चीक काढायची पद्धत त्यानं बसवली. १८९६ मध्ये मलाक्क्याच्या टान चे यान यांनी पहिला मळा लावला आणि पुढच्या पंधरा वर्षांत या सगळ्या मुलखाचं अर्थकारणच रबरावर उभं राहिलं.

आणि १९०४ साली त्याच रिडलीनं बोटॅनिक गार्डन्समधल्या रबराच्या मुळांवर एक बुरशी नोंदवली. मुळांवरून पसरत जाणारे पांढरे दोर, आणि बुंध्याशी नारिंगी-पिवळ्या फळ्या. तेव्हा तिला 'फोमेस' कुळात घातलं होतं, आज 'रिजिडोपोरस' म्हणतात. रबराच्या झाडांचा 'पांढरा मूळरोग' तो हाच. मलेशिया, श्रीलंका, पश्चिम आफ्रिका, जिथे जिथे रबर आहे तिथले मळेवाले आजही त्याला घाबरतात.

कारण बघा किती साधं आहे. मळा लावायचा म्हणून जंगल तोडलं, पण बुंधे काढायला पैसे लागतात म्हणून ते तसेच जमिनीत ठेवले. जंगलात ही बुरशी आधीपासून होतीच. पण तिथे शेजारी-शेजारी वेगवेगळी झाडं असतात, कुणी तिला दाद देतं, कुणी देत नाही. मळ्यात मात्र ओळीनं एकच झाड, मुळांना मुळं लागलेली. जुन्या बुंध्यातून निघालेले पांढरे दोर एका झाडावरून दुसऱ्यावर गेले आणि ओळीच्या ओळी कोसळल्या. पुढे मळेवाले शहाणे झाले. बुंधे खणून काढायला लागले, रोगट झाडाभोवती चर मारायला लागले. पण ते शहाणपण महागात पडलं.

आमच्या क्वीन्सटाउनमध्येही या रबराच्या खुणा सापडतात. केंट रिजचा डोंगर आज क्वीन्सटाउनच्याच हद्दीत मोडतो. तिथल्या जुन्या मळ्यांची जमीन ओस पडल्यावर पुन्हा जंगल उगवलं. त्यात रबराची झाडं अजून उभी आहेत. कडक उन्हात त्याची बोंडं फटकन फुटतात. टँगलिन हॉल्टला पूर्वी मलायाची आगगाडी थांबायची, त्यावरूनच ते नाव. ३० जून २०११ ला शेवटची गाडी गेली, रूळ उखडले आणि आता तिथे चालायची हिरवी वाट आहे. आम्ही दर रविवारी तिथे फिरतो. पडलेल्या ओंडक्यांवर पातळ, कपासारख्या, पिवळ्या पायाच्या बुरशा दिसतात. त्याच जातीच्या मी पुढे आंबोलीतही पाहिल्या. नाव 'झँथोपस', म्हणजे ग्रीकमध्ये 'पिवळ्या पायाची'.

या पिवळ्या पायाच्या बुरशीवरच बोटॅनिक गार्डन्समध्ये बसून एका तरुणानं १९३२ साली एक मोठा निबंध लिहिला. त्याचं नाव ई. जे. एच. कॉर्नर. १९२९ मध्ये तो तिशीच्या आतला असिस्टंट डायरेक्टर म्हणून इथे आला. उंच झाडांवरची फुलं-फळं खाली आणायला त्यानं माकडं शिकवून तयार केली होती, ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलांनाही आवडते. पण त्याचं खरं काम सूक्ष्मदर्शकाखालचं. या फळ्या लाकडासारख्या टणक का होतात? कॉर्नरनं दाखवलं की त्यांच्यात वेगवेगळ्या तऱ्हेचे धागे असतात. लग्नाचा मांडव डोळ्यापुढे आणा. काही धागे बांबूसारखे सरळ आणि जाड, काही त्यांना आवळणाऱ्या सुंभासारखे, आणि काही नवीन धागे जन्माला घालणारे. अळंबीत बांबूही नाहीत आणि सुंभही नाही, म्हणून ती दोन दिवसांत सडते. फणसोंब्यात आहेत, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. आज जगभर या बुरशींची वर्गवारी करताना हे धागे मोजले जातात. ही पद्धत आपल्या घरापासून बसनं पंधरा-वीस मिनिटांवर असलेल्या बागेत सुरू झाली, हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला.

त्याच १९३२ साली कॉर्नरनं आणखी एक काम केलं. झाडांच्या मुळांवर एक तपकिरी रोग यायचा. त्याच्या बुरशीला लोक भलत्याच नावानं ओळखत होते. कॉर्नरनं ती वेगळी काढली आणि नाव ठेवलं 'फोमेस नॉक्सियस'. लॅटिनमध्ये नॉक्सियस म्हणजे अपायकारक. पुढे तिला 'फेलिनस' कुळात घातलं गेलं, २०१८ पासून आणखी वेगळं नाव मिळालं. आज हाँगकाँग आणि तैवानच्या रस्त्यांवरची मोठमोठी झाडं जिच्यामुळे पडतात ती हीच. आता ध्यानात घ्या, फेलिनस म्हणजे आमच्या फणसोंब्याचंच कुळ! एक आजीच्या सहाणेवर, दुसरी शहराच्या झाडांची वैरीण, आणि दोघी एकाच घराण्यातल्या.

कॉर्नरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं. आमच्या शेजारच्या अलेक्झांड्रा हॉस्पिटलात त्या दिवसांत जपानी सैनिकांनी रुग्णांची आणि डॉक्टरांची कत्तल केली. अशा वेळी कॉर्नर गव्हर्नरकडून चिठ्ठी घेऊन जपान्यांकडे गेला, की बाग, म्युझियम आणि ग्रंथालयं वाचवा. हिदेझो तानाकादाते नावाच्या जपानी प्राध्यापकानं ते मनावर घेतलं. सगळा काळ कॉर्नर तुरुंगछावणीबाहेर राहून जपान्यांबरोबर काम करत राहिला. त्याचे देशबांधव छावणीत उपाशी मरत होते. त्यांच्यातले कित्येक जण त्याला शेवटपर्यंत फितूर म्हणत राहिले. पण म्युझियम राहिलं, बागेतले नमुने राहिले. चूक की बरोबर, हे मी ठरवणारा कोण? मात्र पुढच्या वेळी बोटॅनिक गार्डन्सला सहलीला जाल तेव्हा एवढं आठवा.

युद्ध संपलं. १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकावरून आमच्या या भागाला क्वीन्सटाउन हे नाव मिळालं आणि सिंगापूरची पहिली उपनगरी वसाहत उभी राहायला लागली. १९६३ मध्ये ली क्वान यू यांनी फेरर सर्कसला झाड लावून वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली. १९६७ पासून 'गार्डन सिटी'चा ध्यास. आज आपण ज्यांच्या सावलीत चालतो त्यातली बरीच झाडं तेव्हाची, म्हणजे पन्नाशी-साठीतली. माणसांसारखंच त्यांचंही तपासणीचं वय झालेलं आहे. त्यामुळे इथे झाडांचे 'डॉक्टर' असतात. लाकडी हातोडीनं खोड ठोकून पाहतात, आवाजाच्या लहरी सोडून आतली पोकळी मोजतात. आणि पहिली गोष्ट बघतात ती बुंध्याशी फळी आहे का.

आता परत आईकडे येतो.

त्या सकाळी झाडापाशी उभी राहून आई सहज म्हणाली, "आपल्या फणसालाही आलाय हा. तीन वर्षं झाली." मी गप्प झालो. कारण सांगतो. लांज्याला आमच्या घराला लागून आजोबांनी लावलेला कापा फणस आहे. घरावर झुकलेला. २०१५ मध्ये दादानं फोन करून विचारलं होतं, "तोडूया का? पावसाळ्यात भीती वाटते." मी इथून ठणकावून सांगितलं होतं, "आजोबांचं झाड आहे. हात लावायचा नाही." दादा बिचारा काही बोलला नाही. घरात माझा अर्धा वाटा, म्हणून माझा शब्द. पण झाडाखाली झोपत होते ते आणि आई. मी झोपत होतो क्वीन्सटाउनला, नवव्या मजल्यावर.

जानेवारीत आईला बोटॅनिक गार्डन्स दाखवलं. तिथल्या जुन्या टेंबुसूंखाली आम्ही डबा खाल्ला. ११ फेब्रुवारी २०१७, शनिवार. आईला परत पाठवून आठवडाच झाला होता. त्या दुपारी बागेतलं २७० वर्षांहून जुनं, ४० मीटर उंचीचं टेंबुसू मुळासकट कोसळलं. एक भारतीय महिला गेली, आणखी काही जण जखमी झाले. आदल्या वर्षीच्या तपासणीत झाड ठणठणीत वाटलं होतं. मुळं जमिनीखाली कुजलेली होती, वरून दिसत नव्हती. ज्यांच्याकडे सगळी यंत्रं आहेत, दर वर्षी तपासणी आहे, त्यांनाही जे दिसलं नाही ते मी हजारो मैलांवरून फोनवर ठरवत होतो. आणि आमच्या झाडानं तर बाहेर फळी काढून तीन वर्षं सांगितलं होतं!

त्या रात्री मी दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, माझं चुकलं. तुला योग्य वाटेल ते कर." तो म्हणाला, "पूर्ण नको तोडूया रे. आईला वाईट वाटेल." शेवटी मार्चमध्ये माणसं लावून घराकडचा सगळा भार उतरवला, पुरुषभर उंचीच्या दुप्पट एवढं खोड ठेवलं. आतून घडाभर पोकळी निघाली. निघालेल्या चांगल्या लाकडाचे देवघराचे दोन दरवाजे झाले. उरलेल्या खोडाला पुढच्या वर्षी धुमारे फुटले. त्याच्या पोकळीत कुटुर्गा पक्ष्यानं घर केलंय, असं दादा सांगतो.

इथलं रेन ट्री त्याच वर्षी गेलं. एका सकाळी पट्टी बांधलेली दिसली, संध्याकाळी नुसता बुंधा. मधोमध मऊ, तपकिरी, बोटानं चुरा होईल असं लाकूड. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, आजीला आधीच कळलं होतं." काही दिवसांनी तो बुंधाही खणून काढला आणि तिथे नवीन रोप लावलं. मला रिडलीच्या रबराची आठवण झाली. शंभर वर्षांपूर्वी मळेवाल्यांनी पैसे वाचवायला जे केलं नाही, ते इथे न चुकता करतात.

टँगलिन हॉल्टचे जुने ३१ ब्लॉक पाडायचं २०१४ मध्ये जाहीर झालं. तिथल्या चिनी औषधाच्या दुकानात आईला नेलं होतं, तोही प्रसंग आठवतो. काचेच्या बरणीत लिंगझी ठेवली होती, लाखेसारखी चकाकणारी लाल-तपकिरी फळी. चिनी लोक हजारो वर्षं तिला दीर्घायुष्याचं औषध मानतात. आईनं बरणीकडे बोट दाखवून सहाणेवर उगाळायची खूण केली. दुकानदार म्हाताऱ्यानं मान हलवून उकळायची खूण केली. दोघंही आपापल्या जागी खूश. भाषा एकही नाही, पण विषय एकच.

आई २०२१ साली गेली. विमानं बंद होती, क्वारंटाइन होतं, मला वेळेवर जाता आलं नाही. पुढच्या वर्षी घरी गेलो तेव्हा तिच्या फडताळात सहाण सापडली आणि फडक्यात बांधलेला फणसोंब्याचा तुकडा. एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालेला. आधी आजीनं आणि मग आईनं उगाळलेला. त्यात दादाची, माझी, आमच्या चुलतभावंडांची तोंडं आली असणार. मी तो तिथेच परत ठेवला. दादाच्या नातवाला लागेल कदाचित.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांची गावाकडे अशी झाडं आहेत, घरं आहेत, आणि त्यांच्याबद्दलचे निर्णय आपण इथून फोनवर देतो. प्रेमानंच देतो. पण या दिवाळीला फोन कराल तेव्हा तिथे राहणाऱ्याला एकदा विचारा, बुंध्याशी काही दिसतंय का? आणि तो सांगेल ते ऐका.

शुभ दीपावली!